एका कंडेन्सरवर दोन स्पीकर

आज ज्याला कपॅसिटर म्हणतात त्याला आम्ही कंडेन्सर म्हणत असू. मी तोच शब्द वापरीन.

अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्या मधे बसणारा कंडेन्सर दिसायला सामान्य असतो. अ‍ॅल्युमिनियमचे एक नळकांडे, दोन तारा, अंगावर अधिक-उण्याची खूण. त्याचे काम एवढेच, की ट्रान्झिस्टरच्या टोकाशी असलेली स्थिर वीज स्पीकरकडे जाऊ द्यायची नाही आणि गाण्याची हलती वीज तेवढी पुढे सोडायची. स्थिर वीज पुढे गेली तर स्पीकरचे वेटोळे जळते. गाण्यातले चढे स्वर या कंडेन्सरमधून बिनबोभाट जातात. खालच्या स्वरांना जागा जास्त लागते. कंडेन्सर लहान असला की ते दारात अडतात आणि आवाज पातळ होतो. मात्र किती लहान म्हणजे लहान, हे एकट्या कंडेन्सरवर ठरत नाही. पलीकडचा स्पीकर किती वीज ओढतो, त्यावरही ते ठरते.

कारखान्यात हे सर्वांना पाठ होते. माझ्या घरात त्याचा संबंध आला तो एका शेजाऱ्यामुळे. तो शेजारी तबला वाजवणे सोडायला निघाला होता.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी पिंपरीत राहत होतो. बैठी चाळ, वर पत्रे, मधल्या भिंती अर्ध्या विटेच्या. अशा भिंतीत शेजाऱ्याचा खोकला त्याच्या बायकोच्या आधी आपल्याला कळतो. घरगुती रेकॉर्ड प्लेअर आणि अँप्लिफायर बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी तपासनीस होतो. तयार झालेला प्रत्येक सेट माझ्या टेबलावरून जाई. स्पीकर न जोडता, त्याच्या जागी तेवढीच वीज ओढणारा एक जाड रेझिस्टन्स जोडून आम्ही मोजमाप घेत असू. दिवसभर गाणे ऐकत बसलो असतो तर काम झाले नसते, आणि कान थकले असते ते वेगळेच.

घरचा सेट मी स्वतः बांधलेला होता. सुटे भाग पुण्याहून आणले होते. मोठ्या मापाचा कंडेन्सर तेव्हा सहज मिळत नसे. जो मिळाला तो बसवला. माझ्या एका स्पीकरला तो पुरेसा होता. संध्याकाळी पाळीवरून आल्यावर मी एखादी रेकॉर्ड लावीत असे. माझ्याकडे रेकॉर्ड थोड्या होत्या. त्यांत एक तबल्याची होती.

शेजारी मावळातला. चिंचवडच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करीत असे. वयाने माझ्याहून लहान. मंडळींमध्ये त्याची ओळख कामावरून नव्हती, तबल्यावरून होती. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुटी गुरुवारी. त्या दिवशी संध्याकाळी दत्ताच्या देवळाच्या ओट्यावर भजन असे आणि तबल्यावर तो असे. मी तिकडे जात नव्हतो. पण वारा इकडचा असला की त्याचा हात घरी बसून ऐकू येई.

मग प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. अंगठ्याजवळचे आणि मधले. पायाने एकदा दाबल्यावर प्रेस एकदाच खाली यायला हवी. ती दोनदा आली. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा बँडेजकडे बघत तो म्हणाला, "सम तिची चुकली साहेब. माजी न्हाई."

कंपनीने त्याला स्टोअरमध्ये बसवले. ओट्यावर त्याच्या जागी लेथवर काम करणारा एक तरुण बसू लागला. भजनाचे बुवा घरी येऊन त्याला सांगून गेले, "हात बसला की या. जागा तुमचीच आहे." बुवा भला माणूस होता. परंतु बोटे नसलेला हात कसा बसायचा, हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

काही महिन्यांनी तो संध्याकाळी माझ्या दारात येऊ लागला.

"साहेब, बसू का जरा? तबल्याची रेकॉर्ड लावलीय न्हवं?"

"आत या."

"नगं. उंबऱ्याभाईर बरं हाय. कापडं तेलकट हाईत."

स्टोअरमध्ये कपडे तेलकट होत नाहीत. तो रोज येई, उंबऱ्याबाहेर गुडघे पोटाशी घेऊन बसे आणि रेकॉर्ड संपली की उठून जाई. आमच्या घरात शिरताना, जेवणाची वेळ असताना, त्याला संकोच वाटत असे. मला दारात बसलेल्या माणसाकडे पाठ करून जेवणे जमत नसे.

पत्नी म्हणाली, "त्यांना नीट सांगा तरी आत यायला. तुमचं 'आत या' ऐकलं की माणूस बाहेर जातो."

मी दुसरा मार्ग काढला. त्याला म्हटले, "तुमच्या खोलीत एक स्पीकर लावून देतो. भिंतीतून वायर काढू. मी रेकॉर्ड लावली की तुम्हाला घरात ऐकू येईल."

"अन् लाईट बिल?"

"स्पीकरला बिल येत नाही."

"मग त्यात आवाज कुठनं यायचा?"

"माझ्या सेटमधून."

त्याने थोडा विचार केला. "म्हंजी तुमच्या नळाला आमची तोटी."

"तसं समजा," मी म्हणालो. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपे होते.

स्पीकर माझ्याकडे पडून होता. त्याला खोका त्यानेच केला, मालाच्या पेटीच्या फळ्यांचा. आठ बोटांनी केलेला तो खोका माझ्या खोक्यापेक्षा काटकोनात होता. भिंतीला भोक पाडले, वायर ओवली आणि दोन्ही स्पीकर एकाच टोकांवर जोडले. त्याच्या बायकोने पलीकडून ओरडून सांगितले, "आला, आला! वैनी, आवाज आला आमच्याकडं!" जणू खरोखरच पाणी आले होते.

त्या दिवसापासून त्याने डग्गा-तबल्यावरचे कापड काढले.

बेत त्याने मला नंतर सांगितला. तबला उजव्या हाताचा, डग्गा डाव्या हाताचा. हे त्याने उलटे करायचे ठरवले होते. तबल्याला तर्जनी लागते, ती त्याच्या उजव्या हाताला उरली नव्हती. तबला डाव्या हाताकडे द्यायचा. डग्ग्याला मात्र बोटांइतकेच मनगट लागते. तळव्याची टाच कातड्यावर दाबत पुढे सरकवली की स्वर चढतो, सैल केली की उतरतो. डग्ग्याचे बोलणे ते एवढेच.

"मनगट प्रेसनं ठेवलंय," तो म्हणाला. "ठोका करंगळीशेजारच्या बोटानं मारंन. डाव्याला शिकवाया लागंल. त्याला आजवर पाणी पिण्यापल्याड काम दिलं न्हवतं."

"जमेल?"

"जमवायचं."

मी रेकॉर्ड लावायची आणि भिंतीपलीकडे त्याने तिच्याबरोबर वाजवायचे, असा क्रम सुरू झाला. संथ ठेक्याची बाजू तो पुन्हा पुन्हा मागे. मी पुन्हा पुन्हा लावी. मला दुसरे काही ऐकायचे असे त्या दिवशीही मी तीच लावी. याबद्दल आमच्यात कधी बोलणे झाले नाही.

डावा हात अडखळत होता. ते अपेक्षित होते. पण ज्या उजव्या मनगटाचा त्याला भरवसा होता, तेच त्याला साथ देईना. डग्ग्यातून घुमारा निघण्याऐवजी दबलेला, कोरडा ठोका निघे. तो आणखी दाबे. आवाज आणखी कोरडा होई. त्याची बायको वैतागून म्हणे, "डग्गा हाय का कणीक? किती मळताय?" आधी तो हसून उत्तर देई. पुढे पुढे पलीकडून फक्त तिचाच आवाज येऊ लागला.

एका बुधवारी तो उंबऱ्याशी आला.

"साहेब, एक इचारू? रेकॉर्डमधी डग्गा असाच वाजवलाय का? टिचकीचा आवाज येतोय, पोटातला येत न्हाई. मी त्याच्यासारकं करायला जातो, तर माजं बी तसंच व्हतंय."

प्रश्न योग्य होता. मलाही काही दिवस आवाज पातळ वाटत होता. सुई झिजली असावी असे मी धरले होते. सुई बदलली. फरक पडला नाही. मी त्याला म्हणालो, "उद्या सुटी आहे. सेट तपासतो."

गुरुवारी सकाळी मी सेट उघडला. कारखान्याच्या सवयीने आधी दोन्ही स्पीकर काढले आणि त्यांच्या जागी एका स्पीकरच्या बरोबरीचा रेझिस्टन्स लावला. खालपासून वरपर्यंत सगळे स्वर मोजले. खालचे स्वर जितके हवेत तितके होते. मी झाकण बंद केले, स्पीकर पुन्हा जोडले आणि त्याला दारात बोलावून सांगितले, की सेट बरोबर आहे.

मोजमाप खरे होते. तेवढेच ऐकून तो परत फिरला नसता तर बरे झाले असते. तो म्हणाला, "मग माज्या हाताचंच. नस बी गेली आसंल बोटांसंगं. डाक्टर म्हनला नव्हता, पर गेली आसंल." एवढे बोलून तो घरात गेला. त्या आठवड्यात पलीकडून डग्गा वाजला नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. हल्ली कंडेन्सर कोणत्या कंपनीचा, आत कागद आहे की प्लास्टिक, यांवर लोक तासन्‌तास वाद घालतात. मला त्यातले काही फरक ऐकू आले आहेत, बरेच आले नाहीत. ज्यांना येतात त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण माप पुरेसे आहे का, त्याच्या आतले ओले रसायन वाळलेले तर नाही ना, आणि त्याच्या पुढे किती ओझे आहे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. वाळलेला कंडेन्सर आवाज एकदम घालवत नाही. तो दर महिन्याला थोडा आवाज खातो आणि ऐकणाऱ्याला आपलेच कान उतरले असे वाटू लागते. माझा कंडेन्सर वाळलेला नव्हता. मी तिसरा प्रश्न विचारला नव्हता.

पुढच्या बुधवारी जेवताना मी पत्नीला म्हणालो, "सेटचा आवाज पातळ झालाय. कारण सापडत नाही." वाक्य तिच्यासाठी होते. भिंत अर्ध्या विटेची होती.

दुसऱ्या दिवशी सुटी. सकाळी मी तीच तबल्याची रेकॉर्ड लावून बसलो होतो. सवयीने लावली होती. पलीकडे कोणी वाजवत नव्हते. संथ ठेका चालू होता आणि मधेच डग्गा भरून आला. आवाज मोठा झाला असे नव्हे. त्याला खाली जमीन मिळाली. तळवा कातड्यावर सरकतो ती लांबट, गोल ओढ, जी मी कित्येक दिवसांत ऐकली नव्हती, ती खोलीत स्पष्ट आली. मी सेटकडे पाहिले. सेटला कोणी हात लावला नव्हता. मग पलीकडून ओढल्याने सेटमधून सुटलेली वायर भिंतीच्या भोकातून मागे सरकताना दिसली.

मी बाहेर गेलो. तो आपल्या दारातल्या ओट्यावर वायरीचे वेटोळे करीत बसला होता.

"वायर का काढली?"

"तुमचं पाणी आमी वडत हुतो साहेब. तुमच्याकडं धार बारीक झाली. काल बोलला तुमी वैनींना."

"मी तुम्हाला बोललो नव्हतो."

"त्येच की. तोंडावर बोलला न्हाई, ह्यो तुमचा मोठेपना. आमाला कळाय नगं?"

त्याची बायको दारातून म्हणाली, "मी म्हनलं हुतं ह्यास्नी पयल्याच दिशी. एका नळावर दोन घरं, मग भांडनं हुत्यात. त्यापरीस तोडल्याली बरी."

"अन् आता लागनार बी न्हाई," तो वेटोळे माझ्या हातात देत म्हणाला. "डग्गा-तबल्याची जोड भजनी मंडळाला देतोय. त्यांची जोड फुटकी हाय. लेथवालं पोरगं सांजच्याला न्यायला येनार हाय. घरात नुसती बघत बसन्यापरीस वाजल तरी."

त्याचा चेहरा शांत होता. ज्याने पुष्कळ दिवस आधी ठरवले आहे त्याचा असतो तसा.

मी म्हणालो, "संध्याकाळपर्यंत जोड देऊ नका."

"का?"

"मला काम आहे."

मी घरात आलो आणि पायात चपला घातल्या. तोवर हिशेब झाला होता. त्याची नळाची कल्पना निम्मी खरी होती. तो आवाज चोरत नव्हता. वरचे स्वर दोन्ही घरांना पुरेसे जात होते. पण दोन स्पीकर शेजारी शेजारी जोडले की वीज दुप्पट ओढली जाते, आणि ती सगळी त्या एका लहान कंडेन्सरमधून जायची असते. एका स्पीकरला पुरणारे दार दोघांना अरुंद पडले. अडले ते खालचे स्वर. म्हणजे नेमका डग्गा. रेकॉर्डमध्ये जो घुमारा त्याला ऐकूच येत नव्हता, त्याची नक्कल तो मनगटाने करीत होता. जे कोरडे कानावर पडले तेच कोरडे हाताने केले. हात त्याचे बरोबर ऐकत होता.

पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. त्यामुळे मी कॅम्पात गेलो. तिथे रेडिओच्या सुट्या भागांचे एक दुकान होते. मालक सिंधी. मी माप सांगितले. त्याने चष्मा कपाळावर नेला.

"साईं, इतना बड़ा किसलिए? घर में गाना सुनना है या कारखाना चलाना है?"

"गाणं ऐकायचं आहे. दोन घरांत."

"दो घर में?" तो हसला. "हमारे यहाँ एक में नहीं सुनने देते."

माळ्यावर चढून त्याने धुळीतून एक कंडेन्सर काढला. कोणत्यातरी मोठ्या यंत्राच्या वीजपुरवठ्यातला, वरणाच्या वाटीएवढ्या घेराचा. माप हवे त्याहून जास्तच होते. कित्येक वर्षे पडून असावा. "चलेगा या फटेगा, मेरी गारंटी नहीं," तो म्हणाला. मी घेतला.

पडून राहिलेल्या कंडेन्सरला एकदम पूर्ण दाब देऊ नये. आतला थर विरलेला असतो. तो तापतो, कधी फुटतो. त्याला मोठ्या रेझिस्टन्समधून थोडी थोडी वीज द्यावी लागते. मीटरचा काटा आधी बराच वर असतो. थर जसा पुन्हा धरत जातो तसा काटा खाली येतो. यात घाई करता येत नाही. दुपारभर मी काट्यासमोर बसलो. पत्नीने ताट मीटरशेजारी आणून ठेवले.

"त्यांना सांगून तरी या काय चाललंय ते," ती म्हणाली.

"झाल्यावर सांगेन."

"तोवर जोड जाईल."

"काटा अजून खाली यायचाय."

तिने कपाळाला हात लावला आणि स्वतःच पलीकडे गेली. काय बोलली ते मला ऐकू आले. "हे म्हणतायत, दोष हाताचा नाही, सेटचा आहे. थोडं थांबा." मी एवढे दोन वाक्यांत सांगू शकलो असतो.

ऊन उतरले तेव्हा काटा तळाला आला. कंडेन्सर सेटच्या खोक्यात मावेना. मी तो बाहेरच्या अंगाला सुतळीने बांधला, तारा कथलाने डाखून जोडल्या आणि वेटोळे घेऊन शेजारी गेलो. तबला आणि डग्गा दारापाशी आणून ठेवलेले होते. तो उठला नाही.

"ऱ्हाऊ द्या साहेब. तुमाला कशाला तरास."

"एक बाजू ऐका. मग काय करायचं ते करा."

"ऐकून ऐकून तर हे झालंय."

त्याची बायको कडाडली, "अवो, साहेब सकाळधरनं घामाघूम हुयाला लागल्यात. एक बाजू ऐका की! कान काय भाड्यानं दिल्यात?"

मी वायर भोकातून ओवली, त्याच्या स्पीकरला जोडली आणि घरी येऊन तिचे दुसरे टोक सेटला लावून तो चालू केला. मोठा कंडेन्सर भरताना स्पीकरला धक्का बसतो. धप्प असा आवाज झाला. पलीकडून ती ओरडली, "फुटलं का काय?" फुटले काहीच नव्हते. मी सुई ठेवली आणि परत त्याच्या दारात गेलो. या खेपेला उंबऱ्याबाहेर मी होतो.

संथ ठेका सुरू झाला. पहिल्याच आवर्तनात डग्ग्याने ती लांब ओढ घेतली. तो मान खाली घालून बसला होता. त्याने मान वर केली नाही. उजवा हात उचलला आणि स्वतःच केलेल्या खोक्यावर तळवा टेकवला. फळी थरथरत होती. दोन आवर्तने तो तसाच बसला.

"ह्यो कुठं हुता आजवर?" तो म्हणाला.

"माझ्या सेटमध्ये अडकला होता. दोन स्पीकरना दार लहान पडत होतं."

"तुमी तर म्हनला हुता, सेट बरोबर हाय."

"एका स्पीकरला बरोबर होता. दोन लावून मी मोजला नाही."

त्याने माझ्याकडे पाहिले. "म्हंजी माजा हात—"

"हाताचं मला कळत नाही. ऐकू येत होतं ते बरोबर नव्हतं, एवढं नक्की."

त्याने पाय लांब करून डग्गा अंगठ्याने ओढून घेतला. ठोका दिला, टाच दाबली. पहिला ठोका पूर्वीसारखाच कोरडा निघाला. त्याने डोळे मिटले, रेकॉर्ड ऐकली आणि पुन्हा दिला. या वेळी टाच कातड्यावर जेमतेम टेकली होती. डग्गा गुरगुरला, चढला, उतरला.

"इतकं हलकं व्हय," तो पुटपुटला. "इतकं हलकं. अन् मी मळत बसलो."

"मी काय म्हनत हुते?" बायको म्हणाली. तिचा आवाज मात्र नेहमीसारखा कडक नव्हता, आणि ती लगबगीने चुलीकडे वळली.

मी रेकॉर्ड उलटली नाही. तीच बाजू पुन्हा लावली. त्याने तबला जवळ घेतला आणि डाव्या हाताने वाजवायचा प्रयत्न केला. तो हात मागेच राहत होता. मी काही ठरवून लिहीत नाही. जसे झाले तसे सांगतो. उजवे मनगट परत आले. डावा हात आला नाही, पुढेही फारसा आला नाही. चाळीस वर्षांच्या जवळ आलेल्या हाताला नवी भाषा शिकवण्याला मर्यादा असते. तबला बाजूला सारून तो नुसता डग्गाच रेकॉर्डबरोबर वाजवू लागला.

लेथवाला तरुण आला तेव्हा तो असाच बसलेला होता. तरुण दारात घुटमळला.

"भाऊ, जोड न्यायला आलो होतो. राहू दे का?"

शेजाऱ्याने तबला उचलून त्याच्या हातात दिला. तरुण डग्ग्यासाठी वाकला.

"त्यो मी आनतो."

"अहो, मी नेतो ना."

"आनतो म्हनलं न्हवं? हो फुडं."

त्या संध्याकाळी मी देवळाच्या ओट्यापर्यंत गेलो. देवदर्शनाचा माझा रिवाज नाही. कडेला, चपला काढतात तिथे उभा राहिलो. तो डग्गा घेऊन ओट्यावर चढला आणि तरुणाच्या डाव्या बाजूला, मांडीला मांडी लावून बसला. तरुणापुढे तबला, त्याच्यापुढे डग्गा. एक जोड आणि दोन माणसे. असे मी त्याआधी पाहिले नव्हते. बुवांनीही पाहिले नसावे. पेटीवरचे हात तसेच ठेवून ते बघत राहिले.

टाळकऱ्यांतला एक जण म्हणाला, "काय राव, एका गाडीला दोन ड्रायव्हर?"

"त्यो स्टेअरिंग धरंल," शेजारी म्हणाला. "मी हॉर्न वाजिवतो. तू तिकीट काढ अन् गप बस."

हशा पिकला. बुवांनी हसू आवरले आणि त्याला विचारले, "जमेल ना?"

"सुरू तर करा बुवा."

पहिला अभंग डळमळला. तरुण पुढे पळे आणि डग्गा त्याच्यामागे पडे. मग डग्गा थांबे आणि तरुण चुके. दुसऱ्या अभंगात शेजाऱ्याने मान हलवून त्याला लय दाखवायला सुरुवात केली. तरुणाचा तबला चांगला होता, डग्गा कच्चा होता. हे मी घरी बसून ओळखत आलो होतो. आता त्याच्या तबल्याखाली दुसऱ्या माणसाचे मनगट आले. टाळ आपोआप हळू झाले. ओट्यावरची माणसे हसायची थांबली. बुवांनी गाता गाता एकदा डावीकडे पाहिले आणि पुढची ओळ त्याच्याकडे वळून म्हटली.

तिसऱ्या अभंगात ठेका चढला. तरुण रंगात आला आणि त्याचा डावा हात सवयीने डग्ग्याकडे गेला. शेजाऱ्याने लय न मोडता, दोन ठोक्यांच्या मधे, त्याच्या हातावर चापट मारली.

"हात काढ," तो म्हणाला.

तरुणाने हात मांडीवर ठेवला. शेजाऱ्याने सम गाठली.